गोऱ्या कब्रस्तानातला भोंगा

पितृपक्ष लागला की आमच्या इंदूरचे कावळे भाव खातात. एरवी दिवसभर गॅलरीच्या कठड्यावर बसून वाळत घातलेले कपडे घाण करतील, पण खीर-वडे वाढून ठेवले की एकाचा पत्ता नाही. शहराबाहेर राऊला, या चौथ्या मजल्यावर मी दरवर्षी पान ठेवते, दरवर्षी काव-काव करून हाका मारते, समोरच्या फ्लॅटमधल्या सूनबाई खिडकीआडून हसतात, आणि शेवटी ते पान खाली गाईपुढे जातं. गाईचंही पोट भरलेलंच असतं. सगळ्या कॉलनीची खीर त्या दिवसांत तिलाच.

दुपारी दादाचा पुण्याहून फोन येतो. दादा माझा थोरला भाऊ. "काय गं मनू, आला का कावळा?" "नाही आला." "जाऊ दे. गाईला दिलं म्हणजे पोचलं," असं म्हणून तो फोन ठेवतो. आवाज अगदी सहज ठेवतो तो. पण अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दहाव्याला काय झालं ते ना तो विसरलाय ना मी.

उज्जैनला क्षिप्रेच्या काठावर पिंड ठेवून आम्ही सगळे लांब उभे होतो. बायकांनी जायचं नसतं म्हणतात, पण आम्ही गेलो होतो. लोक काय म्हणतील याची तेव्हा शुद्ध नव्हती. समोरच्या पिंपळावर कावळे ढिगानं बसलेले. एकही खाली येईना. मग अशा वेळी करतात तेच आम्ही केलं. अण्णांची कुठली इच्छा राहिली असेल ती एकेकानं पुढे होऊन मोठ्यानं बोलायची. आई म्हणाली, "माझी काळजी करू नका." दादा म्हणाला, "आईला मी अंतर देणार नाही, अण्णा." मी म्हणाले, घर विकणार नाही. फ्रान्सिसकाका, म्हणजे अण्णांचे मिलमधले जोडीदार, ख्रिस्ती माणूस, पण तेही पुढे झाले आणि गळ्यातला क्रूस मुठीत धरून म्हणाले, "अण्णा, मिल फिर चालू होगी. मैं बोल रहा हूँ ना." कावळे ढिम्म. ऊन चढलं, गुरुजींना पुढे आणखी एक काम होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. आपल्या माणसाला काय हवं होतं ते आपल्यालाच माहीत नव्हतं. हे मला तेव्हा खुपलं, अजून खुपतं.

तसा माझा या गोष्टींवर विश्वास नाही. जन्म दवाखान्याच्या लॅबमध्ये गेला. रक्ताचा नमुना काय सांगतो ते लिहायचं, पेशंटचे नातेवाईक कितीही गयावया करोत, जे नाही ते लिहायचं नाही, ही माझी सवय. पण कावळ्यापुढे माझी लॅब चालत नाही. पान ठेवते, आणि दार लावून आतून बघत बसते.

याच दिवसांत खिडकीतून कापलेल्या सोयाबीनचा वास येतो. कॉलनीच्या भिंतीपलीकडे अजून थोडी शेतं उरली आहेत. वाळलेल्या शेंगांचा, धुळीचा, किंचित तेलकट असा तो वास. वर क्वारचं ऊन. इकडे भाद्रपद-आश्विनातल्या या उन्हाला तसंच म्हणतात. पाऊस संपलेला, थंडी आलेली नाही, आणि ऊन नुसतं चावतं. या वासाबरोबर मला एकच वर्ष आठवतं. मिल बंद झाली ते.

आमचं घर परदेशीपुऱ्यात. आजोबा खानदेशातून मिलमध्ये आले, अण्णा मिलमध्येच मोठे झाले. अण्णा बॉयलरवर होते आणि भोंगा त्यांच्या हातात होता. म्हणजे अक्षरशः हातात. पाळी बदलायची वेळ झाली की साखळी ओढायची, की सगळ्या गावात मिलचा भोंगा. आई त्यावर भात टाकायची. शाळा त्यावर भरायची. अण्णा म्हणायचे, "भोंगा एकदम ओढायचा नसतो. वाफेला आधी घसा साफ करू द्यायचा. मग चढवायचा, मग हळूहळू उतरवायचा." इतक्या गंभीरपणानं सांगायचे की गाणं शिकवणाऱ्यानं ऐकत बसावं.

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. घरी कोणीही पाहुणा येवो, पाणी दिल्याबरोबर विचारायचे, "तुमच्याकडे ऐकू येतो का आमचा भोंगा?" पाहुणा सांवेर रोडचा असो की महूचा. मला बघायला देवासची मंडळी आली होती, तेव्हा पोहे हातात घेऊन बसलेल्या मुलाच्या मामांनाही त्यांनी विचारलं. मामा बिचारे गोंधळले. "देवासला? अहो काका, देवासला कसा ऐकू येणार?" "वारा इकडून तिकडे असला तर यायला पाहिजे," अण्णा म्हणाले आणि पुढचे पोहे खाऊ लागले. आईनं पदराआडून कपाळाला हात लावला. ते स्थळ मोडलं. भोंग्यामुळे नव्हे, पण आई मरेपर्यंत भोंग्यालाच दोष देत राहिली.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला मिलची झांकी निघाली. दिव्यांचे देखावे, हलणारे देव, बघायला सगळं इंदूर रस्त्यावर. पगार रखडलेले होते तरी कामगारांनी वर्गणी काढून झांकी उभी केली. देवाचा हात वर-खाली करणारी मोटर अण्णांनी बसवली होती. गणपती बुडाला आणि दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटला कुलूप लागलं. त्याच दिवशी पितृपक्ष लागला. पहाटे भोंगा झाला नाही, आणि भोंगा झाला नाही म्हणूनच अख्खी गल्ली जागी झाली. माणसं दारात येऊन उभी होती. वाट बघत होती, कदाचित आज उशीर झाला असेल.

गंमत अशी की बाकी सगळ्या शहरात तेव्हा उलटंच वारं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे पिवळे बूथ उघडत होते, गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या लागत होत्या, पाटनीपुऱ्यात कॉम्प्युटर शिकवणारा पहिला क्लास निघाला होता आणि दादानं त्यात नाव घातलं होतं. देशाची दारं उघडली असं सगळे म्हणत होते. आमच्या गल्लीला फक्त बंद झालेलं दार दिसत होतं. शेजारच्या मालवी घरातल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची संझा, त्यांची पितृपक्षातली देवी, काढायच्या, तिच्यावर गुलबाक्षीची फुलं चिकटवायच्या, आणि गल्लीतले धट्टेकट्टे पुरुष ओट्यावर बसून ते बघत राहायचे. त्या वेळी ते पुरुष घरी असायचेच नाहीत कधी. आमच्या समोरचा एक साचेवाला, मागावरचा कामगार, रोज डबा घेऊन निघायचा, बंद गेटपर्यंत जायचा, तिथेच डबा खायचा आणि परत यायचा. त्याची बायको डबा भरून द्यायची. काय करणार बिचारी.

अण्णा डबा घेऊन जात नव्हते, पण पाळीची वेळ झाली की जेवता-जेवता उठायचे. उष्ट्या हातानं अंगणात जाऊन मिलच्या चिमणीकडे बघायचे आणि परत पानावर येऊन बसायचे. आई माझ्याकडे बघायची, मी आईकडे.

आणि अशात फ्रान्सिसकाका एक काम घेऊन आले. राऊच्या पुढे, महूच्या रस्त्यावरून आत, एका गावाच्या टेकाडावर गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान होतं. ते त्यांच्या चर्चच्या पंचांकडे होतं आणि त्याला राखणदार मिळत नव्हता. गावातला माणूस तिथे पाय ठेवत नव्हता. कुठलीशी पलटण पूर्वी तिथे मुक्कामाला थांबली, हैजा म्हणजे पटकी झाली, आणि पुढे निघाली ती अर्धीच. बाकीचे तिथेच. भर दुपारी पांढरी छत्री घेतलेली एक मेम पाणी मागते, पाणी दिलं तर मागे लागते. घोड्याच्या टापा ऐकू येतात. बायका तिथून जाताना पायातलं वाजणारं सगळं काढून हातात घेतात.

"कोणी तयार नाही होऊन राहिलं," काका म्हणाले. "अण्णा, आप देखो. दिन की ड्यूटी है. झाडू मारायची, गुरं आत येऊ द्यायची नाहीत, बस."

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "पितृपक्षात कोणी नवीन कामाला लागतं का? आणि तेही कब्रस्तानात?"

"पितरांच्याच सेवेला जातोय," अण्णा म्हणाले. "आपले नसतील. कोणाचे तरी आहेतच ना."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा जायला लागले. टेम्पोनं राऊपर्यंत, पुढे पायी. संध्याकाळी आले की आई त्यांना अंगणातच आंघोळ करायला लावायची आणि मगच घरात घ्यायची. ते निमूट करायचे. वर आम्हाला हसवायचे. "आज पण मेम भेटली नाही. भेटली तर चहा पाजीन. इतकी वर्षं नुसतं पाणी मागतेय बिचारी." किंवा म्हणायचे, "लोक फार चांगले आहेत तिथले. कोणी उशिरा येत नाही, कोणी लवकर पळत नाही." एके दिवशी पिशवीभर सीताफळं घेऊन आले. कब्रस्तानात सीताफळाची झाडं माजली होती, फळं डोळे उघडून तयार झालेली, आणि भीतीनं कोणी तोडत नव्हतं. आईनं पिशवीला हात लावला नाही. आम्हालाही लावू दिला नाही. अण्णा ओट्यावर बसले आणि एकटेच एक-एक फळ फोडून खात राहिले. बिया ओंजळीत गोळा करत होते. तो गोड वास घरभर पसरला आणि आम्ही तिघं आत बसून तो घेत राहिलो. खायची फार इच्छा होती मला. खोटं कशाला बोलू.

सर्वपित्रीला आईनं पहाटे उठून स्वयंपाक केला. अण्णांनी सुट्टी घेतली नाही. आईनं डबा माझ्या हातात दिला आणि दारापर्यंत येऊन हळूच म्हणाली, "देऊन ये. आणि बघून ये गं. माणूस ताळ्यावर आहे का, तेवढं नीट बघ."

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. टेकाड चढले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गुडघाभर उंचीची दगडी भिंत, गंजलेलं फाटक, चिंचेचं मोठं झाड. आत हिरवट काळे दगड, कुठले आडवे, कुठले कलंडलेले. नावं झिजलेली. मधोमध कुणा मोठ्या साहेबाच्या थडग्यावर चार खांबांची दगडी छत्री आणि तिला पायऱ्या. सगळं स्वच्छ झाडलेलं. झाडूच्या रेघा मातीत दिसत होत्या. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं, तरी मी चपला वाजू न देता चालत होते.

अण्णा पायरीवर बसले होते, मिलचीच खाकी पँट घालून. मला बघून हसले, डबा बाजूला ठेवला. म्हणाले, "थांब जरा. वेळ झाली." हात धुतले, पायरीवर उभे राहिले, दोन्ही तळवे जुळवून ओंजळ तोंडाशी नेली आणि फुंकर घातली. आधी घसा साफ केल्यागत खोल, खरखरीत. मग चढत गेला आवाज, टेकाडावरून खाली शेतांवर गेला, आणि मग हळूहळू उतरला. आमच्या मिलचा भोंगा. हुबेहूब. एका माणसाच्या छातीतून इतका आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. कपाळावरच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

खालच्या शेतात सोयाबीन कापणाऱ्या बायका सरळ उभ्या राहिल्या. त्यातली एक तरणी बाई हसत ओरडली, "बाबूजी, आज जल्दी कर दियो!" आणि सगळ्या विळे टाकून बांधावर जाऊन बसल्या.

अण्णा माझ्याकडे वळले. दम लागला होता. "मनू," ते म्हणाले, "तू आत्ता खालून चढून आलीस. रस्त्यापर्यंत ऐकू जात असेल का गं?"

मी वाकून चपलेतला खडा काढू लागले. मला तो गेटवर डबा खाणारा साचेवाला दिसत होता. घरी जाऊन आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. अण्णांनीही उत्तराची वाट बघितली नाही, डबा उघडला, खीर चाखली, म्हणाले, "जायफळ जास्त झालंय."

आईला मी सांगितलं, "ताळ्यावर आहेत. खिरीत जायफळ जास्त झालं म्हणाले." आईला ते पुरलं. तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. खिरीला नावं ठेवतोय म्हणजे माणूस जागेवर आहे.

पुढे काही वर्षं अण्णा तिथे जात राहिले. मग छाती भरायला लागली, मिलमधला कापूस आणि कोळसा म्हातारपणी बाहेर आला. घरीच गेले, आईच्या हातची पेज घेता-घेता. मिल उघडली नाही. चिमणी बरीच वर्षं एकटी उभी होती, मग तीही पाडली. आता तिथून गेलं तर आपण कुठे उभे आहोत ते मलाही कळत नाही, मी तिथे जन्मलेली बाई.

यंदा सर्वपित्रीला पान ठेवलं आणि नेहमीप्रमाणे कावळा आला नाही. का कोण जाणे, माझं डोकं फिरलं. पान उचललं, डब्यात भरलं, रिक्षा केली आणि म्हणाले, गोरा कब्रस्तान चलो. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "मैडम, वो भूत वाला? वीडियो बनाने जा रहे हो क्या?" म्हणाला.

फाटकाशी खरंच कॉलेजातली एक जोडी मोबाइल काठीला लावून उभी होती. मुलगी मोबाइलकडे तोंड करून घोगऱ्या आवाजात सांगत होती की इथे एका मिल मजदुराचा आत्मा भटकतो. मिल बंद झाली म्हणून त्यानं याच चिंचेला फाशी घेतली आणि तेव्हापासून रोज दुपारी मिलचा भोंगा ऐकू येतो.

मला जो राग आला तो विचारू नका. "फांसी-वांसी काही नाही," मी म्हणाले. "घर पे गए वो. बिस्तर में. दमा था."

मुलीनं मोबाइल खाली केला. "आंटी, आपको कैसे पता?"

"बाप थे मेरे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं, सरळ आहेत की उलटे. भुताची मुलगी म्हणजे कोण, असा हिशेब चालला असणार. मग "सॉरी आंटी" म्हणत गाडी काढून गेली दोघं. हसूही आलं मला आणि रडूही. छत्रीवाली मेम, घोड्यावरचा साहेब, सगळे मागे पडले होते, आणि त्यांच्या जागी आमच्या अण्णांची नेमणूक झाली होती. तीही गळफास लावून.

आत छत्रीच्या पायऱ्या ढासळल्या होत्या. पण वरच्या पायरीवर कागदी पेल्यात चहा ठेवलेला. अजून कोमट. शेजारी सोयाबीनच्या शेंगांची एक जुडी. मी तिथेच उभी राहिले. खालच्या शेतातून एक म्हातारी विळा घेऊन वर आली आणि मला निरखत राहिली. तिनंही ते फाटकाजवळचं ऐकलं असावं.

"बई, थें बाबूजी की छोरी हो?" तिनं विचारलं. "एक दाण खीर लइ ने अई थी." मी एकदा खीर घेऊन आले होते ते तिच्या लक्षात होतं.

ती केसरबाई. तेव्हा हसून ओरडलेली ती तरणी बाई हीच. मी विचारलं, हा चहा कोणी ठेवला? म्हणाली, आम्हीच ठेवतो. कापणीचा पहिला चहा बाबूजींचा. मग खाली बसून तिनं जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. त्या वेळी शेतात जेवणाची सुट्टी नावाची गोष्ट नव्हती. ओळ संपली तर खायचं, नाही संपली तर संध्याकाळी. अण्णांनी वरून हे तीन-चार दिवस बघितलं आणि एके दिवशी खाली येऊन शेतमालकाला म्हणाले, मिलमध्ये मशीनसुद्धा थंड करतात, या तर बायका आहेत. भोंगा झाला की बसतील, दुसरा झाला की उठतील. जुना मालक भुतांना भिणारा. कब्रस्तानातल्या माणसाशी कशाला वैर, म्हणून हो म्हणाला. अण्णा गेल्यावरही भोंगा होत राहिला, असं केसरबाई म्हणाली. आणि बायका बसत राहिल्या.

"थारा बाप ने म्हाने बैठनो सिखायो," ती म्हणाली.

मी भिंतीवर पान वाढलं. खीर, वडे, अळूवडी. कावळे चिंचेवर होते. अण्णांची कुठली इच्छा राहिली म्हणून त्यांना सांगायचं, ते मला अजून सुचत नव्हतं.

"आता पण होतो?" मी विचारलं.

"रोज होवे," केसरबाई म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला. यंदा शेत नव्या माणसानं घेतलंय, प्लॉट पाडणार आहे, हे शेवटचं पीक. त्याचा मुकादम नवा आहे, महूकडचा, तो काही मानत नाही. काल म्हणाला, भोंगा-वोंगा सब नाटक है, उद्या मी स्वतः उभा राहून ऐकतो. नाही ऐकू आला तर सुट्टी बंद. एवढं सांगून ती विळा उचलून खाली गेली. मीही तिच्यामागे बांधापर्यंत गेले.

मुकादम मोटारसायकलला टेकून उभा होता. तिशीतला, गॉगल लावलेला. बायका वाकून कापत होत्या. ऊन इतकं की विळ्यांची पाती डोळ्यांना लागत होती. वारा अजिबात नव्हता. आणि एकदम, काहीही न होता, सगळ्या बायका सरळ झाल्या. एकमेकींकडे न बघता. विळे खाली ठेवले आणि बांधाकडे निघाल्या.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी कान देऊन उभी होते, श्वास रोखून. लांब रस्त्यावरचा एक ट्रक, शेंगांचा तडतड आवाज, बस. ज्या आवाजावर मी वाढले तो मला सोडून सगळ्यांना ऐकू आला होता. किंवा कोणालाच आला नव्हता.

"ए, कहाँ? कुछ नहीं बजा," मुकादम म्हणाला.

"बज्यो," केसरबाई म्हणाली. बायका थांबल्या. घामानं निथळणारे ते सगळे चेहरे त्याच्याकडे वळले आणि मग, एकामागून एक, माझ्याकडे.

मुकादमानंही माझ्याकडे बघितलं. चष्मा, घड्याळ, सुती साडी. भरवशाची बाई दिसत असणार मी. "मैडम, आप तो पढ़े-लिखे हो. आपको सुनाई दिया?"

अख्खी नोकरी जे नाही ते लिहायचं नाही म्हणून केली. आणि हाच प्रश्न मला पूर्वी एकदा इथेच, वरच्या पायरीवरून, विचारला गेला होता.

"सुनाई दिया," मी म्हणाले. "साफ. नीचे रोड तक जाता है."

मग टेकाडावरच्या छत्रीकडे त्याची नजर गेली आणि तिथून लगेच वळली. "ठीक है, ठीक है. जल्दी खाओ," म्हणाला आणि गाडी चालू करून सावलीकडे गेला.

बायका बसल्या. भाकरी, लसणाची चटणी, कांदा निघाला. केसरबाईनं पदरातून एक सीताफळ काढून माझ्या हातावर ठेवलं. कुठलं, ते विचारायची गरज नव्हती. मी ते फोडलं आणि खाल्लं, बिया ओंजळीत धरल्या. फार गोड होतं. कावळ्याचं मी विसरूनच गेले होते. वर भिंतीकडे बघितलं तर पान रिकामं होतं. कावळ्यानं नेलं की गावातल्या कुत्र्यानं, देव जाणे.

रिक्षावाला रस्त्यावरून हॉर्न देत होता. मी त्याला हातानंच थांब म्हणाले. सुट्टी संपल्याचा दुसरा भोंगा अजून व्हायचा होता.